वाकडा चर

हरणाबाईचं रान आधी पांढरं पडलं, मग भिजलं, आणि एका उन्हाळ्यात ते रान म्हणून उरलंच नाही. मळीवाडीच्या खालाटीत, वारणेच्या अलीकडं, जिथं पूर्वी शाळू माणसाच्या डोक्यावरून जायचा, तिथं ऐन वैशाखात पाय घोट्यापर्यंत रुतायला लागला. लव्हाळं माजलं. पाणकणसं वर आली. बगळे उतरायला लागले. चिखल वरून वाळला की त्याच्यावर पिठासारखं मीठ फुटायचं, आणि ते चाटायला जनावरं आली की त्यांना ओढून काढायला माणसं लागायची.

सगळ्या खालाटीची हीच गत. नदीचं पाणी इंजिनांनी वर चढलं तेव्हा गावानं नारळ फोडले होते. ज्यांची रानं वरच्या अंगाला, त्यांनी ऊस केला आणि रात्रंदिवस पाण्याची दारं मोडली. ते पाणी जमिनीत मुरलं आणि गुपचूप खाली येऊन गरिबाच्या रानात वर आलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण वरच्यांच्या उसात वारा सळसळत होता आणि खालच्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, हेही खोटं नव्हतं.

राजमतीचं घर वरच्यातलं. तिचा नवरा रामगोंडा पाटील. तंबाखूला कधी शिवला नाही, जैन बस्तीतलं दर्शन कधी चुकवलं नाही. गावात वाटण्या व्हायच्या तेव्हा लोक त्याला बोलवायचे. त्यानं हा बांध इथंच होता म्हटलं की दोन्ही भाऊ गप्प बसायचे. नदीच्या अंगाला त्याचा एक तुकडा होता, वळणाचा म्हणायचे, त्याला लागून हरणाबाईचं रान. मधे एकच बांध. या बांधावर दोघी बायकांची निम्मी हयात गेली होती. हरणाबाईचा नवरा पलटणीत होता. पासष्टच्या लढाईत तो गेल्याची तार आली, तेव्हा राजमती तीन दिवस आपल्या घरची चूल सोडून तिच्या चुलीपुढं बसली होती. आता हरणाबाईचा लेकही, कृष्णात, पलटणीत होता, आणि ती एकटी, एका दुभत्या म्हशीच्या जिवावर, त्या भिजलेल्या रानाशी झोंबत होती. राजमतीला ती राजक्का म्हणायची. गावात असं म्हणणारी तीच एकटी.

चैत्रात रोजगार हमीचा ओव्हरसियर आला. परमुलखातला, चष्म्याचा, उन्हानं लालबुंद झालेला माणूस. तीन पायांवर दुर्बीण ठेवून त्यानं सगळी खालाटी पालथी घातली आणि चुना लावलेल्या खुंट्या ठोकत गेला. खालाटीचं पाणी चर काढून नदीला न्यायचं. खुंट्या हरणाबाईच्या बांधापर्यंत आल्या, बांध ओलांडून सरळ रामगोंडाच्या वळणाच्या तुकड्यात शिरल्या आणि उसाच्या मधोमध जाऊन पार नदीकडं निघाल्या. ओव्हरसियरनं सांगितलं, पाण्याला उतार इथूनच आहे. दुसरीकडून वळवलं तर वळणावर गाळ बसेल आणि काठ ढासळेल.

चावडीत बैठक बसली. सरपंच नानासोंनी रामगोंडाला विचारलं. रामगोंडा म्हणाला, हा तुकडा वाडवडलांपासून एकजीव आहे, त्याची दोन फाकं मी करू देणार नाही. कोपऱ्यात आकाराम तात्या बसला होता. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांतला एक. तो म्हणाला, कसला एकजीव? तिथून करंजओढा वाहायचा. तुझ्या बानं, भीमगोंडानं, दोन उन्हाळे बैलांच्या केणीनं माती ओढून तो बुजवला, आणि काठची रानं जोडून एक तुकडा केला. पाण्याची वाट तीच होती, साहेबाला दुर्बिणीतून आत्ता दिसली इतकंच.

रामगोंडा म्हणाला, असला ओढा मी तरी बघितलेला नाही.

चावडीत हसू पिकलं. तात्या म्हणाला, अरे, तुझ्याच लग्नाची गाडी रुतली की त्या ओढ्यात. नवरी पडली होती चिखलात. सगळ्या गावानं बघितलंय. पण बघणाऱ्यांतले निम्मे मेले होते, आणि जे होते त्यांच्यातल्या बऱ्याचजणांचा ऊस पाटलाच्या इंजिनावर भिजत होता. हसू ओसरलं. कुणी मान वर केली नाही. हरणाबाई चावडीच्या पायरीखाली उभी होती, पण बायकांना तिथं कोण विचारतं.

नानासो म्हणाले, म्हातारा एक म्हणतो, पाटील एक म्हणतात. मी काय लिहून देऊ?

तेव्हा रामगोंडा उठला आणि म्हणाला, "मग तिलाच इचारा की. माझी बायकू खोटं बोलायची न्हाई."

राजमती सोप्यासमोर बाजेवर शेवया वाळत घालत होती. रामगोंडा मंडळींच्या चार पावलं पुढं आला आणि पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला. तो दोन्ही हातांनी धरून पीत होता, तरी पाणी सदऱ्यावर सांडलं. "मंडळी यायल्यात," तो म्हणाला. "वढ्याचं इचारतील." एवढंच. काय सांग, काय सांगू नको, हे तो बोलला नाही. ओसरीच्या कडेला जाऊन बसला आणि पायातला खडा काढू लागला.

तिला काय आठवायचं होतं? तिच्या जन्मातली तीच तर एक गोष्ट होती. ती नदीपलीकडच्या, कानडी बोलणाऱ्या गावची. वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी वळीव कोसळला. करंजओढ्याच्या उतारावर गाडीचं चाक आसापर्यंत गेलं, बैल बुजले, आणि नवरी शालूसकट ओढ्यात. कंबरेपर्यंत राड, मुंडावळ्या गळ्यात. दोन्ही काठांवरची माणसं पोट धरून हसत होती. पोरं तर नाचत होती. पंधरा वर्षांची राजमती चिखलात बसून तोंड झाकत होती. तेव्हा मिसरूड न फुटलेला नवरदेव घोड्यावरून उतरला आणि पितांबर खोचायचंही विसरून सरळ चिखलात आला. नुसता तिच्या शेजारी उभा राहिला. नवराच चिखलात म्हटल्यावर हसणार कुणाला? दोन्ही काठ गप्प झाले. मग त्यानं हात दिला. दारात हरणाबाईनं, तेव्हा तीही नवी सूनच होती, घंगाळभर पाणी ओतून तिचे पाय धुतले, बोटांच्या फटींतून चिखल काढला आणि कानात म्हणाली, नवरा चांगला गावलाय बग तुला.

मंडळी अंगणात आली. नानासो, तात्या, ओव्हरसियर. फाटकापाशी हरणाबाई थांबली. नानासोंनी अदबीनं विचारलं. वैनी, असं असं आहे. तुमचं लग्न झालं तेव्हा गाडी कुठं रुतली होती, तेवढं सांगा.

राजमतीनं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडाकडं नाही, पायांकडं. तो अजून तोच खडा काढत होता.

"गाडी पांदीच्या वाटंत रुतली हुती," ती म्हणाली. "वळीव पडला हुता. पांदीत राड झालती."

"आन वढा?"

"तितं वढा न्हवताच."

हे शेवटचं तिला कुणी बोलायला लावलं नव्हतं. आठवत न्हाई म्हटलं असतं तरी चाललं असतं. तात्यानं तिच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं, आणि काठी टेकत निघाला. नानासो म्हणाले, झालं तर मग. ओव्हरसियर काहीतरी बोलणार होता, पण त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. हरणाबाई फाटकापाशीच होती. ती राजमतीच्या पायांकडं बघत होती. थोडा वेळ बघितलं, पदर सावरला आणि गेली.

रामगोंडा रात्री जेवताना म्हणाला, शेवया बारीक झाल्यात यंदा.

ज्येष्ठात चराचं काम लागलं. खुंट्या उपटून नव्यानं ठोकल्या. चर आता हरणाबाईच्या बांधापाशी येऊन काटकोनात वळत होता, तिच्या रानाच्या दोन अंगांनी फिरून पाटलाच्या उसाला वळसा घालून लांबून नदीला जात होता. तिच्या आधीच थोडक्या रानातली रुंद पट्टी त्यात गेली. बाया डोक्यावर चिखलाच्या पाट्या वाहत होत्या. खोऱ्यानं उचललेला चिखल पाटीत पडत नसे, खोऱ्यालाच चिकटून राही; मग हातानं निपटून काढावा लागे. खारं पाणी पाटीतून गळून मानेवर, पाठीवर उतरायचं आणि उन्हात वाळून अंगावर पांढरे ओघळ पडायचे. स्वतःच्या रानातून जाणारा चर खणायच्या कामावर हरणाबाईही होती. घरात दाणा नव्हता, रोजगार तर पाहिजे होता. मांडीपर्यंत लुगडं खोचून ती चरात उभी असायची आणि आपलीच माती वर फेकायची.

राजमती उसाच्या कडेला उभी राहून दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ताकाची घागर घेऊन गेली. बायांनी पाट्या खाली ठेवल्या. घागर उतरवून घ्यायला कुणी पुढं आलं नाही, पण नकोही कुणी म्हटलं नाही. हरणाबाई चरातून वर आली. हात धुतले, ओंजळ केली. राजमतीनं ताक ओतलं. हरणाबाई सगळं प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं ताक आणलंसा, पाटलीणबाई."

राजमतीला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुन्हा तिनं कधी घागर नेली नाही.

त्या रविवारी लेक नेमिनाथ सांगलीहून आला. तो विश्रामबागेत खोली घेऊन कॉलेजात शिकत होता. गावात शिरतानाच त्याला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. बाप रानात गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला, पाटावर बसला आणि तिच्या भाकऱ्या बघत राहिला. मग म्हणाला, "आई, वढ्याची गोष्ट मला तूच सांगायचीस की. रोज. मी झोपत नसलो की."

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही, उचलून बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली. ती म्हणाली, परवा दिवशी परीक्षा आहे म्हणत होतास ना. तो दुपारच्या एस.टी.नंच परत गेला. रात्रीपर्यंत राहायचा त्याचा रिवाज होता.

पाऊस यंदा आषाढात भरला. चर पहिले आठ दिवस चांगला वाहिला. खालाटीतलं पाणी तांबूस होऊन पळायला लागलं, तशी माणसं काठावर उभं राहून बघायला यायची. मग ओव्हरसियर म्हणाला होता तसंच झालं. काटकोनातल्या वळणावर पाणी धडका मारायला लागलं. एक काठ ढासळला, त्याची माती पाण्यात, तिच्यावर गाळ, गाळावर लव्हाळ्याची मुळं. चर तिथंच गळ्यात बोळा बसल्यासारखा तुंबला. मागचं सगळं पाणी हरणाबाईच्या उरल्यासुरल्या रानात पसरलं. जिथं पूर्वी घोट्यापर्यंत पाय जायचा, तिथं आता गुडघा जायला लागला.

श्रावणात एका दुपारी हरणाबाईची म्हैस त्या वळणावर गेली. वरून गवत हिरवं दिसत होतं, खाली नुसता रेंदा. पोटापर्यंत रुतल्यावर ती ओरडायला लागली. हाक आली तसं सगळं शिवार धावलं. रामगोंडाही धावला. पोत्याच्या पट्ट्या म्हशीच्या पोटाखालून घालायला दोघं-तिघं चिखलात उतरले, नाडे बांधले, आणि वीस-पंचवीस माणसं ओढायला लागली. राजमतीनंही नाडा धरला. तिच्या पुढं हरणाबाई होती. नाडा ओला होऊन हातातून निसटायचा, तळव्यांची साल निघायची, पावसाची सर तोंडावर. म्हैस डोळे पांढरे करून जीभ बाहेर टाकून नुसती बघत होती. शेवटी एका हिसक्याला ती वर आली, पण येताना मागल्या पायात काहीतरी कडकन वाजलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. माणसं नाडे टाकून उभी राहिली.

म्हैस काठावर कुशीवर पडली ती उठली नाही. हरणाबाई तिच्या अंगावरचा चिखल हातानं निपटत राहिली. रामगोंडा पुढं झाला, म्हणाला, माझ्या गोठ्यातली एक म्हैस घेऊन जा. हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. नानासोंना म्हणाली, "पोरास्नी घरला पाठवा, पावसात भिजाय लागल्यात."

चौथ्या दिवशी म्हैस मेली.

भाद्रपदात पर्युषणाचं पर्व आलं. राजमतीनं दहा दिवस एकभुक्त केलं. बस्तीत रोज उपाध्ये धर्माची लक्षणं सांगायचे, बाया माना डोलवायच्या. शेवटी क्षमेचा दिवस. सगळी एकमेकांच्या पाया पडत, दारोदार जाऊन, वर्षभरात काही दुखवलं असलं तर क्षमा करा म्हणत होती. राजमतीचे पाय शेजारणी धरत होत्या, ती त्यांचे धरत होती, आणि मनात म्हणत होती, यांचं मी काय केलंय? जिचं केलंय ती बस्तीत येणारी नाही.

दुपारी ती हरणाबाईच्या घरी गेली. हरणाबाई रिकाम्या गोठ्यात बसून दोर वळत होती. राजमती खाली बसली, हात जोडले, आणि म्हणाली, "हरणे, मी खोटं बोलले. वढा हुता. मला क्षमा कर."

हरणाबाईचे हात दोरावर चालतच राहिले. "हे मला कशाला सांगतीस? मला ठाव न्हाई व्हय? तुजं पाय मीच धुतलेलं." बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून एकेरी हाक आली होती. त्यात माया नव्हती. "ज्यांनी तुजं खोटं आयकलं, त्यास्नी सांग जा. माज्या गोठ्यात येऊन बोललीस तर तुजं मन हलकं हुईल. माजं पाणी हलायचं न्हाई."

राजमती उठली. घरी आली तेव्हा रामगोंडा बस्तीतून येऊन पान लावत बसला होता. तिला त्याला सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि त्यानं मान वर करून बघितलं तेव्हा मिटलं. तिला तो मिसरूड न फुटलेला मुलगा दिसायचा थांबला होता. खडा काढणारा माणूस दिसत होता. आणि त्याला काय दिसत असेल? शेवयांच्या बाजेपाशी उभी राहून, कुणी न विचारता एक वाक्य जास्त बोलणारी बाई.

पर्व सरल्यावर ओव्हरसियर ढासळलेला चर बघायला आला. नानासोंनी गाव बोलावलं. सगळी माणसं वळणावर जमली. ओव्हरसियरनं सांगितलं की चर असाच ठेवायचा तर दर पावसाळ्यात उपसावा लागेल, आणि तो दर वर्षी ढासळेल. कुणीतरी म्हणालं, हरणाबाईनं ते रान सोडूनच द्यावं, तळं होऊ दे. रामगोंडा उसाच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता.

राजमती उसातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून नानासोंसमोर उभी राहिली. बायका कडेला होत्या, त्या सरकल्या.

"चैतात मी खोटं बोलले," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "माजी गाडी हितं रुतली हुती. पांदीत न्हाई. करंजवढ्यात. त्या आंब्याच्या सरळ रेषेत हुता, तितनं नदीला जायाचा. मामंजींनी केणी मारली तवा मी स्वता त्यास्नी न्याहारी आणून दिलीया."

पाऊस नव्हता, वारा नव्हता. मग रामगोंडा म्हणाला, "तिचं काय आयकताय. बाईमाणूस हाय. पर्वाचं उपास करून डोस्कं फिरलंय तिचं. खोटं बोलायली ती."

नानासोंनी त्याच्याकडं वळून बघितलं. रागानं नाही. एखाद्या आजारी माणसाकडं बघावं तसं. ते हळूच म्हणाले, "पाटील, चावडीत तुमीच म्हणलासा. माझी बायकू खोटं बोलायची न्हाई."

राजमतीनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिला ऐकू येत होतं, तो नाकानं श्वास घेत होता. कुणी हसलं नाही. एक जरी माणूस हसला असता तरी त्याला रागवायला जागा मिळाली असती. सगळी आपापल्या पायांकडं बघत होती, जणू चोरी त्यांनीच केली होती. आणि थोडी केलीच होती. चावडीत त्या दिवशी माना खाली घालणारे हेच.

"ऊस तुटल्यावर काढा चर," रामगोंडा म्हणाला आणि बांधावरून चालत गेला. बांध सोडून उसात शिरला असता तर लवकर दिसेनासा झाला असता. पण तो लांबच्या वाटेनं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेला.

घरी तो तिला काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. एका पाटावर जेवण, एका छपराखाली झोप, म्हशीचं दूध किती निघालं, मजूर किती आले, सगळं बोलणं व्हायचं. पण दोघांनी एकमेकांना नको त्या वेळी नको तसं बघून ठेवलं होतं. वाटण्यांच्या वेळी आता लोक रामगोंडाला बोलवायचे बंद झाले. तोही विचारायचा नाही.

मार्गशीर्षात ऊस तुटला आणि चर सरळ झाला. वळणाच्या तुकड्याची दोन फाकं झाली. खणताना कंबरभर खाली गुळगुळीत गोटे आणि शिंपले लागले. एका बाईनं ओंजळभर शिंपले बांधावर ठेवले. रामगोंडानं येता-जाता ते बघितले असतील. खालाटीचं पाणी हळूहळू उतरलं. पहिल्या वर्षी हरणाबाईच्या रानात काही आलं नाही, नुसतं मीठ धुऊन गेलं. दुसऱ्या वर्षी तिनं खताला ताग करून गाडला. तिसऱ्या वर्षी शाळू पेरला. कुठं कंबरेइतका, कुठं गुडघ्याइतका, मधे मधे टक्कल पडलेला. पण शाळू होता. जुन्या वाकड्या चराचा खड्डा तिच्या दोन अंगांना तसाच राहिला. तो बुजवायचं कुणाच्या अंदाजपत्रकात नव्हतं.

माघात काढणी आली. सगळीकडं एकदमच आली म्हणून हरणाबाईला बाया मिळेनात. राजमतीला कळलं. सकाळी तिनं भाकरी बांधली आणि कुणी न बोलवता जाऊन उभी राहिली. हरणाबाईनं तिला वरून खालपर्यंत बघितलं आणि शेवटची पात दाखवली, खड्ड्याच्या काठाची. तिथली जमीन मिठानं दगडासारखी झाली होती. शाळूचं ताट मुळासकट उपटायला दोन्ही हातांनी हिसका द्यावा लागे. दुपारपर्यंत राजमतीच्या बोटांना फोड आले, तिसऱ्या प्रहरी फुटले, आणि पानांच्या कडा त्यांत जाऊन झोंबायला लागल्या. शेजारच्या पातीवरच्या बाया आपसात बोलत होत्या, तिच्याशी नाही. मागं पडली तर कुणी हात लावत नव्हतं. ती मागं पडत होती.

दिवस कलल्यावर रोजगार वाटला. हरणाबाईनं प्रत्येकीपुढं कणसांसकट एकेक पेंढी टाकली. राजमतीपुढंही टाकली.

राजमती म्हणाली, "मला नको. मी काय रोजगाराला आलते व्हय?"

"घ्या," हरणाबाई म्हणाली. "फुकाट राबून तुमी मोकळ्या व्हनार, आन मी जलमाची मिंधी. तसं न्हाई जमायचं, पाटलीणबाई."

राजमतीनं पेंढी उचलली. फुटलेल्या बोटांनी बंध आवळला, डोक्यावर घेतली, आणि बाकीच्या बायांच्या मागून गावात शिरली. चावडीच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. पाटलाची बायको मजुरीची पेंढी डोक्यावर घेऊन चालली आहे हे त्यांनी बघितलं, आणि बोलणं थांबवलं. ती भरभर चालू शकली असती. कणसं मानेला टोचत होती. ती आपल्या चालीनं चालली.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळून गेला होता. दिवस मावळल्यावर त्या घरात कुणी जेवत नसे. चुलीपाशी दोन ताटं झाकलेली होती. रामगोंडानं स्वतःच वाढून ठेवली होती आणि तोही जेवला नव्हता. तो अंगणात उभा होता. त्यानं पेंढी बघितली, तिचे हात बघितले.

"उद्या बी जायाचं?"

"पाती ऱ्हायल्यात अजून."

त्यानं पुढं होऊन पेंढी तिच्या डोक्यावरून उतरवली. सोप्यात ज्वारीच्या थप्प्या होत्या, कणग्या भरलेल्या होत्या, गोठ्यामागं कडब्याची गंज छपराला लागली होती. तो पेंढी घेऊन एकदा सोप्याकडं वळला, एकदा गोठ्याकडं, आणि परत अंगणात येऊन थांबला.

"ही कुटं ठेवू?" त्यानं विचारलं.

तिनंही एकदा सोप्याकडं, एकदा गोठ्याकडं बघितलं. अंधार पडत होता, आणि ती हलकीशी पेंढी दोन्ही हातांत धरून तो तसाच तिच्यासमोर उभा राहिला.